प्रति: अंतरा पुढे घ्यायचाय, प्रोजेक्ट न बिघडवता

रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा अंतरा पुढे कसा सरकवायचा, या प्रश्नाला ‘सगळे ट्रॅक कापा आणि सरकवा’ हे वर सुचवलंय, ते चार ट्रॅकला ठीक. चाळीस असले की एखादा मागे राहतोच. रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) अंतऱ्यावर रीजन करा, म्हणजे तेवढ्या भागाला सुरुवात-शेवटाची खूण लावा, आणि वरच्या पट्टीत तो ओढा, आतलं सगळं सोबत येतं. कंट्रोल दाबून ओढलात तर प्रत होते.

पण रीजनची हद्द कुठे धरायची हे कुणी लिहिलं नाही. आमच्या पंचवटीतल्या पोरांचा ढोल क्लिकशिवाय (कानात लयीची टिकटिक न देता) रेकॉर्ड केलेला (क्लिक लावला की त्यांचा जोरच जातो), त्यामुळे सम (तालाचा पहिला ठोका) ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांवर, येईना. स्नॅप (कापताना आपोआप रेघेला चिकटणं) बंद करून ठोक्याच्या किंचित आधी कापलं. गाण्याचा ट्रॅक मात्र वेगळा कापा, श्वासापासून. उचलीचा शब्द समेआधीच सुरू होतो आणि नाहीतर मागच्या भागात अडकतो.