मदत हवी आहे : ‘सौभद्र’ तासाभरात बसवायचंय, पट्टी आणि पदांची काटछाट

नमस्कार मंडळी. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळातर्फे ‘संगीत सौभद्र’ बसवतोय. किर्लोस्करांचं १८८२चं हे नाटक मुळात पाच अंकी आणि शंभरावर पदांचं. आमच्या हातात ६० मिनिटं. एक पद आलापांसकट ३ ते ४ मिनिटं खातं, त्यामुळे ७-८ पदांच्या वर जाता येत नाही. नांदी ठेवायचीच. कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेशही ठेवावा असं वाटतं. पण तो काढला तर सुभद्राहरणाचं कथानक अडत नाही, हेही खरं. सगळे एकमेकांचे दोस्त, त्यामुळे दुसऱ्याच्या पदावर कात्री चालवायला कुणी धजत नाही!

खरी अडचण पट्टीची, म्हणजे ‘सा’ कुठला धरून गायचं याची आहे. अर्जुन आणि कृष्ण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गातात, सुभद्रा काळी चारमध्ये. तबलजी एकच. चालू प्रयोगात तबला एवढा चढवता-उतरवता येत नाही. चढवला तर वादी (तबल्याचा चामड्याचा बंद) तुटायची भीती, उतरवला तर आवाज बसतो. काळी एकचा तबला सुभद्रेला मध्यमात (तिच्या शुद्ध ‘म’वर) लागतो, पण यमनसारख्या तीव्र मध्यमाच्या (चढ्या ‘म’च्या) रागात तो खटकतो. काळी चारचा लावला तर पुरुषांना पंचम (‘प’) मिळतो, मात्र पंचम वर्ज्य असलेली चाल अडते.

दोन तबले शेजारी ठेवून एकच डग्गा (डाव्या हाताचा) दोन्हींना चालेल का? आणि ऑर्गनऐवजी पेटी घेतली, तर माइक भात्याकडे ठेवावा की सुरांकडे? भात्याकडे हवेची फसफस फार येते.