इव्हॉल्व्ह : अर्थ, व्युत्पत्ती आणि मराठीतला वापर

प्रश्न : 'इव्हॉल्व्ह'ला मराठीत 'उत्क्रांत होणे' म्हणतात. पण 'आमची कामाची पद्धत उत्क्रांत झाली' कानाला खटकतं. दुसरं काही सुचतंय का?

उत्तर : खटकणारच. 'उत्क्रांत' अजून जीवशास्त्राच्या पुस्तकातून फारसा बाहेर पडलेला नाही.

'इव्हॉल्व्ह'च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ गुंडाळी उलगडणे. रोमन पुस्तकं पपायरसच्या (एका वनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या) गुंडाळ्यांवर असत, त्यामुळे उलगडणं म्हणजेच वाचणं. ग्रंथाचा 'व्हॉल्यूम' याच कुळातला. पुढे अठराव्या शतकात गर्भविज्ञानात हा शब्द आला, तोही याच अर्थाने. अख्खा जीव आधीच इवलासा घडी घालून ठेवलेला असतो, तो फक्त उलगडतो, असं काही शास्त्रज्ञ मानत. डार्विनचं म्हणणं नेमकं उलटं, आधी काहीच ठरलेलं नसतं! त्याच्या 1859च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम नाहीच. 'इव्हॉल्व्ह्ड' एकदाच येतं, पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून. शब्द रुळवला तो मुख्यतः इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने. 1872च्या सहाव्या आवृत्तीत मात्र डार्विननेही नाम वापरलं.

आपल्या 'उत्क्रांती'त 'उत्' म्हणजे वर, म्हणून तिला प्रगतीचा वास येतो. पण गुहेतल्या माशांचे डोळे गेले, सापांचे पाय गेले, तीही उत्क्रांतीच. (ब्रह्मसूत्रांत उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडणं. शब्दांचं नशीब!)

प्रश्न : मग 'विकसित होणे'?

उत्तर : सरकारी वाटतं, आणि त्यातही सुधारणा गृहीत आहे. माझ्या मते मराठीत हळूहळू होणारा बदल दाखवायला वेगळं क्रियापद लागत नाही, 'जाणे' जोडलं की भागतं. पद्धत घडत गेली, भाषा बदलत गेली, नाट्यसंगीत मैफलीत रुळत गेलं. कर्ता मुद्दाम काही करत असेल तर 'बसवणे' घ्या : 'शिक्षकांनी अनुभवातून शिकवण्याची पद्धत बसवली.' कथानक असेल तर 'उलगडत जाणे', लॅटिनच्या अगदी जवळचं.

प्रश्न : आणि 'मी इव्हॉल्व्ह झालोय' म्हणणारे?

उत्तर : त्यांना 'मी आता पूर्वीचा राहिलो नाही' सुचवून पाहा. चांगल्या अर्थाने की वाईट, ते ऐकणारा ठरवेल.