ईस्टरची पहाट : तुमच्या गावाकडच्या आठवणी सांगा (अनुभव धागा)

शिंदीबन
आज सकाळी शेजारच्या काकूंनी भिंतीसाठी चुना भिजत घातला. त्याचा तो फसफसता वास आला आणि आमच्या गावची ईस्टरच्या आधीची शनिवारची दुपार डोळ्यापुढे आली. यंदा, २०२६ मध्ये, ईस्टर (येशू मरणातून उठला तो सण) ५ एप्रिलला आहे, म्हणून म्हटलं धागा काढावाच.

यवतमाळकडचं दारव्हा तालुक्यातलं लहान गाव, ख्रिस्ती घरं मोजकीच. शनिवारी सगळे कब्रस्तानात. माणसं गवत कापायची, बाभळीचे काटे बाजूला करायची. आम्ही पोरी घमेल्यात चुना कालवायचो, त्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पांढरा उजळ दिसतो. शिंदीच्या देठाचं टोक दगडानं ठेचलं की कुंचा तयार. पणजोबापासून सुरुवात करून शेवटच्या कबरीपर्यंत चुना मारायचा. ज्यांचं कोणीच उरलं नाही त्यांच्या कबरी आजी मुद्दाम आम्हाला द्यायची.

मग रविवारी पहाटे चारला चर्चची घंटा. कंदील घेऊन रांग निघायची आणि रांगेत बायका पुढे, पुरुष मागे. कारण चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी बायकाच पोचतात. सुगंधी द्रव्यं घेऊन निघालेल्या, आणि वाटेत एकमेकींना विचारतात की कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार? आजीच्या तोंडी ते वाक्य वर्षभर असायचं. कर्जाचा हप्ता आला, लेकीचं लग्न ठरलं, की म्हणायची, "धोंड कोण लोटणार ते आपण नाही पाहायचं, आपण निघायचं." माझ्यासाठी ईस्टरचा अर्थ तोच. उजाडायच्या आत, दगड तसाच असताना, घरातून निघणं.

तुमच्याकडे काय करायचे? ख्रिस्ती नसाल तरी लिहा. शेजारी म्हणून पाहिलेलं पण लिहा.

पऱ्हाटी_भाऊ
ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही पहाटेच, पण कब्रस्तानात नाही, प्रभातफेरी. पेटी हातगाडीवर ठेवायची, ढोलकी गळ्यात, टाळ वाजवत पूर्ण गावाला फेरा. पुढचा ओरडे "प्रभू उठला आहे!", मागचे म्हणत "खरोखर उठला आहे!" मारुतीच्या पारावर झोपलेले बुढे उठून बसायचे अन् म्हणायचे, "उठला रे बाप्पा, आता आम्हालेही उठवलं तुम्ही." कोणीच कधी रागावलं नाही. पाटलाच्या वाड्यापुढे चहाची बंडी ठरलेली.

वर्धेकाठची
@शिंदीबन तुमच्याकडे बायका पुढे, हे फार आवडलं. आमच्याकडे पाळक (चर्चचे धर्मगुरू) पुढे असायचे, मग मंडळीतले वडीलधारे, मग आम्ही. पुढच्या सभेत हा विषय काढते आता.

शिंदीबन
@वर्धेकाठची नक्की काढा, आणि काय झालं ते कळवा 🙏

नीळकंठ
मी बौद्ध. २०२२ साली १४ एप्रिल गुरुवारी आला होता, आणि त्याच दिवशी ख्रिस्ती लोकांचा शेवटच्या भोजनाचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, गुरुवार. सकाळी आमची बाबासाहेबांची मिरवणूक. चर्चच्या पोरांनी दारासमोर माठ मांडून लिंबू सरबत ठेवलं होतं. संध्याकाळी त्यांच्याकडे पाय धुण्याचा विधी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर बारा जणांचे धुतात. त्या वर्षी त्यांनी कामकरी माणसं बोलावली, त्यात माझे वडील. जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे उचलण्यात आयुष्य गेलं त्यांचं. टाचांना अशा भेगा की त्यात मेण भरावं लागे. फादरनी पितळी घंगाळात पाय घेतले, भेगांमधली माती अंगठ्यानं हळू काढली, नव्या पंच्यानं पुसले, आणि वाकून ओठ टेकवले. वडील घरी येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "आपल्या पायाला कोणी असा हात लावन असं वाटलं नव्हतं." मला येशूच्या उठण्याबद्दल काही सांगता येणार नाही, पण त्या गुरुवारबद्दल येतं.

मास्तरीण
@नीळकंठ काय लिहिलंय. पुन्हा वाचलं. वडिलांना नमस्कार सांगा.

पऱ्हाटी_भाऊ
जय भीम भाऊ. डोळे भरून आले.

रानमेवा
कोणी सांगल का मले, हा सण दरसाली तारीख काहून बदलते? नाताळ कसा २५ डिसेंबरला फिक्स. गेल्या वर्षी २० एप्रिल होता, त्याच्या आधी ३१ मार्च. सुट्टीचा अर्ज देता येत नाही ना वेळेवर.

मास्तरीण
@रानमेवा चंद्रावर चालतो म्हणून. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिलच्या आतच येतो. आपल्याकडे पुष्कळदा ती चैत्र पौर्णिमा असते, म्हणजे हनुमान जयंतीच्या पाठोपाठ ईस्टर. यंदा पाहा, जयंती २ ला, गुड फ्रायडे ३ ला, ईस्टर ५ ला. कधी पौर्णिमा लवकर आली तर होळीला चिकटतो. मुळात येशूचा मृत्यू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळचा, आणि वल्हांडण पौर्णिमेला. तिथून ते सगळं आलं.

रानमेवा
आता समजलं. म्हणजे आमचा पंचांगवाला महाराजही सांगू शकते 😀

चिखलदरा_रोड
होळीला चिकटतो त्यावरून. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला. मेळघाटात होळी म्हणजे वर्षाचा सण, बाहेर कामावर गेलेले कोरकू आदिवासी पोट्टे काही करून परत येतात. सकाळी चर्चमध्ये शिंदीच्या झावळ्या हलवत "होसान्ना", आणि संध्याकाळी ढोल. आमच्यातल्या काही घरांत कुरबुर झाली की उपासाच्या दिवसांत नाचायचं का. बाबा म्हणाले, पोरं वर्षातून एकदा घरी येतात, त्यांना येशू दारातून परत पाठवणार नाही. नाचलो मग.

झावळीचे छोटे क्रूस विणतो ना आपण, ते फोटोमागे वर्षभर राहतात. पुढच्या वर्षी तेच जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. माहीत होतं का सगळ्यांना?

दुपारची_पाळी
हो, आमच्यात तसंच (कॅथलिक). त्या राखेच्या बुधवारपासून ४० दिवस उपास, मधले रविवार सोडून.

माझं शिक्षण चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याकडे सिस्टरांच्या होस्टेलवर झालं. तिकडे चांदा धर्मप्रांत, केरळच्या सीरो-मलबार पद्धतीचा. गुरुवारी रात्री सिस्टर तांदूळ-उडदाचा न फुगवलेला अप्पम करायच्या, पेसहा म्हणतात त्याला. वर झावळीचा क्रूस. मोठ्या सिस्टर तो मोडून सगळ्या मुलींना वाटायच्या, सोबत नारळाचं दूध आणि गुळाचं 'पाल'. नारळ मिळणं मुश्कील तिकडे, कोणीतरी केरळहून आलं की पोत्यात घेऊन यायचं. शुक्रवारी मात्र कारल्याचा रस, व्हिनेगर घालून. वधस्तंभावर येशूला आंब (आंबट द्राक्षारस) दिली त्याची आठवण म्हणून. आम्ही गोंड-माना आदिवासी मुली नाक दाबून प्यायचो. एक जण म्हणाली, पाडव्याचा कडुनिंब बरा याच्यापेक्षा, त्यात गूळ तरी असतो!

काटोलकर
संत्र्याच्या मृग बहाराचं पाणी कधी तोडायचं, इथे कोणी सांगेल का? दुसरा धागा सापडत नाही.

पऱ्हाटी_भाऊ
@काटोलकर भाऊ, शेतीच्या धाग्यावर विचारा, तिथं लय जाणकार आहेत. पण आलेच आहात तर ईस्टरचं काही सांगा.

काटोलकर
आमच्या बागेत ख्रिस्ती मजूर कुटुंब होतं. ईस्टरला त्यांच्याकडे रोडग्याचं जेवण. एवढंच माहीत. पण ते रोडगे अजून जिभेवर आहेत.

पांदण
रोडगे!!! हे कोणीतरी काढायला पाहिजेच होतं. पहाटेची उपासना आटोपली की चर्चमागच्या आंब्याखाली गोवऱ्यांचा आर. कणकेचे गोळे त्यात पुरायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. वांग्याची भाजी, वरण. मटण दुपारी घरोघरी, पण सकाळचं जेवण सगळ्या गावाचं. ४० दिवस माय गोड खात नव्हती, त्या दिवशी तिच्या ताटात पहिला रवा लाडू बाबा ठेवायचे. यवतमाळची सेमिनरी (पाळकांचं शिक्षण देणारी) १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी तिथले विद्यार्थी सुट्टीत आमच्या गावी येत. मद्रासी, मिझो, कोणकोणते. रोडगा कसा खायचा ते त्यांना दाखवताना आम्ही पोट्टे फार मोठे झाल्यासारखे वाटायचो.

वर्धेकाठची
गाणी कोणती म्हणता तुमच्याकडे? आमच्याकडे अजून ना. वा. टिळकांचीच. ओवी-अभंगाच्या वळणाची, टाळावर बसणारी. आपल्या नागपूर-राजनांदगावकडे राहिलेला माणूस, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ती उपासनेला मराठी चाल दिली. नवीन पोरं कीबोर्डवर हिंदी गाणी म्हणतात, ती पण छान, पण पहाटेच्या अंधारात टाळच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पांदण
१०० टक्के.

गिट्टीखदान
मी कमी लिहितो इथे. २०२० चा ईस्टर, १२ एप्रिल. लॉकडाऊन. बाबा मार्चच्या सुरुवातीला गेले होते, कबरीवर अजून कच्ची मातीच होती. पहाटे जायची परवानगी नाही. आईनं अंगणात तुळशीवृंदावनाएवढा मातीचा ढीग केला, चुन्याचं बोट ओढलं आणि मेणबत्ती लावली. शेजारच्या देशमुख काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "वहिनी, तुमचं ते गाणं म्हणा, आम्ही ऐकतो." आईला पहिल्या कडव्यापुढे गाता येईना. काकूंना शब्द येत नव्हते, पण दरसाल ऐकलेली चाल येत होती, त्या नुसत्या गुणगुणत राहिल्या भिंतीपलीकडून. आईनं मग पूर्ण म्हटलं.

शिंदीबन
@गिट्टीखदान लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आई कशा आहेत आता?

गिट्टीखदान
बऱ्या आहेत. यंदा गुडघ्यामुळे खुर्चीवर बसवून नेणार आहोत कब्रस्तानात. त्यांचा हट्ट आहे की पुढेच राहायचं 🙂

मास्तरीण
तुमच्या गावातही बायका पुढे मग!

रानमेवा
एक विचारतो, रागावू नका. गुड फ्रायडेला मोबाईलवर "हॅपी गुड फ्रायडे" पाठवायचं का नाही? ऑफिसच्या ग्रुपवर सगळेच टाकतात.

दुपारची_पाळी
नका पाठवू. तो वधस्तंभाचा दिवस, आमच्याकडे घंटासुद्धा वाजत नाही. दुपारी बारा ते तीन उपासना, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाचतात, पाणीसुद्धा न घेता बसणारी माणसं आहेत. शुभेच्छा रविवारी द्या, मनापासून घेऊ. आणि अंडी मागा 😀

रानमेवा
अंडी काहून असतात पण?

दुपारची_पाळी
जुन्या काळी युरोपात त्या ४० दिवसांत अंडी खायला मनाई होती. कोंबड्या काही थांबत नाहीत, मग साठलेली अंडी उकडून, रंगवून ईस्टरला वाटायची. आणि कवच फोडून पिल्लू बाहेर येतं, तसा बंद कबरेतून प्रभू, असं आम्हाला सिस्टर शिकवायच्या.

चिखलदरा_रोड
आमच्याकडे पळसाच्या फुलांत रंगवतात! होळीसाठी वाळवलेली फुलं उरतातच. फुलं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळायची, थोडी तुरटी. त्यात गावरान अंडी. पिवळीधमक नाही येत, केशरी-हळदी येतात. आधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून जुन्या धोतराच्या चिंधीत घट्ट बांधलं की पानाची पांढरी नक्षी उमटते. गडद पाहिजे तर कांद्याची टरफलं टाका.

वर्धेकाठची
अय्या, हे करणार! तुरटी किती? आणि पोल्ट्रीची पांढरी अंडी चालतील का, इथे गावरान १५ रुपयाला एक सांगतात.

चिखलदरा_रोड
पांढऱ्यांवर उलट छान दिसतं. तुरटी सुपारीएवढी, एका गंजाला (पातेल्याला). रंग थंड होईपर्यंत अंडी त्यातच राहू द्या, घाई केली की डाग पडतात.

पांदण
पळस आमच्याकडे झडून गेला यंदा लवकर. कोणाकडे वाळलेली फुलं आहेत का?

चिखलदरा_रोड
आहेत, पायलीभर. परतवाड्याहून अमरावतीला गुरुवारी माझा भाऊ येतो आहे. बस स्टँडवर कोणी भेटत असेल तर निरोप टाका, पैसे नको.

वर्धेकाठची
मी भेटते! निरोप टाकला आहे बघा.