'रन' हा शब्द तुम्हाला कुठे कुठे भेटला? (अनुभव धागा)

पार्कचौक
काल रात्री भाचीला आणायला स्टेशनावर गेले होते, हुतात्मा एक्सप्रेस लेट. अनाऊन्समेंट मराठीत झाली "उशिराने धावत आहे", हिंदीत "देरी से चल रही है" आणि इंग्रजीत "रनिंग लेट". गाडी तीच, मराठीत धावली हिंदीत चालली. बाकावर बसल्या बसल्या आठवीचे इंग्रजीचे सर आठवले. आमची मराठी शाळा, वर्गात निम्म्या पोरांच्या घरी माग नाहीतर विडी नाहीतर रेल्वे. सरांनी फळ्याच्या मधोमध 'रन' लिहिलं आणि एकेकाला उभं करून विचारलं, वडील काय करतात, आई काय करते. ज्याचे वडील गिरणीत त्याला "द मिल रन्स", ज्याच्या आईचं किराणा दुकान त्याला "शी रन्स अ शॉप", एकाचं नाक गळत होतं त्याला "युवर नोज इज रनिंग", सगळा वर्ग हसला. नंतर नळ, नदी, रंग, ताप... फळा भरला तर सर दारावर लिहायला लागले खडूने. शिपाईमामा ओरडले ते वेगळंच. डिक्शनरी उघडून एवढं कधीच कळलं नसतं मला. तुमच्याकडे हा शब्द कुठून आला ते सांगा की.

लाईनबॉक्स
आमच्या घरात आला तो पगाराच्या स्लिपवर. बाबा मध्य रेल्वेत गार्ड (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आईच्या तोंडी गार्डच). ड्रायव्हर गार्ड म्हणजे रनिंग स्टाफ, परगावी झोपायची सोय म्हणजे रनिंग रूम, आणि रनिंग अलाऊन्स वेगळा, तो किलोमीटरवर. लहानपणी मला वाटायचं बाबा गाडीबरोबर पळतात म्हणून पैसे मिळतात. दौंडला किंवा वाडीला गेले की आई डबा द्यायची, कडक भाकरी शेंगाचटणी, दोन दिवस काही होत नाही त्याला. काळी लोखंडी पेटी असायची, झेंडे, दिवा, रूलबुक सगळं त्यात. अजून माळ्यावर आहे, आई टाकू देत नाही.

कडकभाकरी
नाव काढलंत आणि आले बघा 😄 पुण्यात चांगली कडक भाकरी कुठं मिळते ओ?

धावदोरा
मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला होते, आता घरीच ब्लाऊज शिवते. आमच्यात रन म्हणजे रनिंग स्टिच, आणि आज्जी त्यालाच धावदोरा म्हणायची, किती छान शब्द आहे तो, सुई वरखाली वरखाली पळत जाते. कारखान्यात नवीन पोरगी आली की पहिलं तेच शिकवायचे. दुसरं म्हणजे साडीला "रनिंग ब्लाऊज", म्हणजे पीस वेगळा नाही, साडीच्याच कापडात पुढे चालू असतो, तो कापायचा. कापताना आधी दोनदा मोजते मी, पदराकडून कापलं तर संपलंच. आणि तिसरं रंगाचं. बाहेर जाणाऱ्या टॉवेलच्या लेबलवर असायचं "कलर्स मे रन". आमच्या सुपरवायझर ताई सांगायच्या, रंग पळतो गं, म्हणून लाल चादर पहिल्यांदा वेगळी भिजवायची, मिठाच्या पाण्यात. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

साळीवाडा
@पार्कचौक घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, असं सोलापुरी आहे माझं. नाना दुकान चालवायचे ते तेलुगूत "नडुपु", म्हणजे चालायला लावणं. शेजारच्या अप्पांचं कन्नडमधलं "नडेसु" पण तसंच, मूळ चालण्याचंच. मराठीत पण दुकान चालतं, माग चालतो, घर चालतं. तिन्ही भाषेत आपलं सगळं चालत जातं आणि इंग्रजांचं मात्र पळत सुटतं! कॉलेजात "हू रन्स द हाऊस" असं वाचलं तेव्हा मला आई डोळ्यापुढे आली, मागाच्या कांड्या भरत भरत एका हाताने आम्हाला जेवायला वाढणारी. ते घर पळतच होतं तसं बघायला गेलं तर. चालत नव्हतं.

पार्कचौक
@साळीवाडा हे वाचून गलबलून आलं. काकूंना नमस्कार सांगा.

साळीवाडा
सांगतो ताई. त्या आता गुडघ्यामुळे बसूनच असतात पण सकाळी नळ आला की सगळ्यात आधी उठतात 🙂

आरएफटी
बांधकामवाले कुणीच नाही का इथे. आमच्यात रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी धरायची, रुंदी नाही. ग्रॅनाईटची पट्टी, स्कर्टिंग, पाईप, कंपाऊंड सगळं रनिंग फुटावर. आणि रनिंग बिल, काम चालू असताना जेवढं झालं तेवढ्याचं बिल, शेवटी फायनल. एका ठिकाणचं तिसरं रनिंग बिल अजून रनिंगच आहे, मजुरांना मात्र शनिवारी रोख द्यावे लागतात, बायकोचे दागिने ठेवून दिले मी तेव्हा. नाव घेत नाही. हॉटगी रोडच्या साईटवर होतो, ऊन असलं की पत्र्याला हात लागत नाही, त्यात दोन तास माप घेत उभा. असो

धावदोरा
दादा देव करो आणि लवकर मिळो.

वॉर्डनंबरपाच
नर्स आहे, नाईट संपवून रिक्षात टाईप करतेय, चुका पोटात घाला. आमच्यात सलाईन रन होतं, "फास्ट रन करा" म्हणजे नळीवरचं चाक सैल सोडा. "रनिंग फीवर" म्हणजे ताप आहे. नातेवाईकांना आम्ही काय सांगतो, ताप चढलाय, ताप उतरला. इंग्रजीत ताप चालवतो तो माणूस, आपल्यात तो बिचारा काहीच करत नाही, ताप स्वतः चढतो उतरतो, मला आपलं जास्त खरं वाटतं. आणि "रन्स इन द फॅमिली". केसपेपरवर फॅमिली हिस्टरी असते ना, डायबेटीस, बीपी. एका आज्जींना विचारलं घरात कुणाला शुगर आहे का, तर त्या म्हणाल्या "आमच्या घराण्यातच हाय बाई, सासऱ्यापासनं चालत आलंय." चालत आलंय! मला एकदम तो इंग्रजी वाक्प्रचार पाठ झाला, परत विसरले नाही.

सातरस्ता
शुगरवर मेथी भिजवून

वॉर्डनंबरपाच
@सातरस्ता गोळी बंद करून मेथी नको बरं का. गोळी चालू ठेवून काय खायचं ते खा, डॉक्टरांना विचारून.

कोशवेडा
माहितीसाठी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट' या क्रियापदाचे होते, ४३० च्या आसपास. नंतर तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन' पुढे गेला, २०११ मध्ये नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ झाल्याचं आलं होतं. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने त्या एका शब्दावर नऊ महिने काम केलं. कारण पण पटण्यासारखं आहे. यंत्रं आली, रेल्वे आली, मग कॉम्प्युटर आला, आणि प्रत्येक नवी चीज 'रन' व्हायला लागली. गिरण्यांच्या गावात हा शब्द फळा भरून उरला यात नवल नाही. पार्कचौक ताई, तुमच्या सरांना हे कळवाच.

पार्कचौक
सर गेले हो, करोनात. पण त्यांच्या मुलीला नक्की पाठवते.

कोशवेडा
अरेरे. असे सर मिळायला भाग्य लागतं.

झेडपीमैदान
अमेरिकेत निवडणुकीला "रन" करतात, इंग्लंडात "स्टँड". आपण पण उभेच राहतो. आमच्या वॉर्डात काका तीनदा उभे राहिले आणि तिन्ही वेळा बसवले गेले, आता पोरगा उभा राहणार म्हणतोय, पळाला असता तर निदान व्यायाम झाला असता 😀

ठेवपावती
मला हा शब्द नको वाटतो. "रन ऑन द बँक". बातमी फुटली आणि सकाळी शटरसमोर रांग, लोक पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभे. सहकारी बँक होती, नाव नको. बहिणीच्या लग्नाची एफडी होती. पंधरा दिवस रोज आई डबा घेऊन जायची रांगेत. ठेवीवरचा विमा तेव्हा १ लाखापर्यंतच होता, २०२० च्या फेब्रुवारीत ५ लाख झाला, आमच्यासाठी उशिराच. लग्न झालं, चांगलं झालं, मामांनी सगळं उचललं. पण आई अजून पैसे चार ठिकाणी ठेवते.

आरएफटी
बरोबर करतात ओ त्या.

लाईनबॉक्स
@ठेवपावती मामांना दंडवत.

पुण्यातलासोलापूरकर
क्रिकेट कुणी आणलंच नाही! पार्क स्टेडियमवर पोरं अजून ओरडतात "पळ बे, रन आहे रन". खेळपट्टी २२ यार्डांची पण रन तेवढ्याचा नसतो, पॉपिंग क्रीज ते पॉपिंग क्रीज ५८ फूट. बॅट टेकली की झाला. आता ऑफिसात कोड रन करतो, फेल गेला की परत रन. आई फोनवर विचारते काय करतोयस, म्हटलं रन चालूए, ती म्हणते जेवून पळ.
@कडकभाकरी भाकरी पुण्यात घेऊ नका, रविवारी हुतात्माने येतोय, पत्ता मेसेज करा, शेंगाचटणी पण आणतो.

कडकभाकरी
देव भलं करो तुमचं!! ज्वारीचीच आणा, बाजरीची नको, आणि चटणी उखळात कुटलेली, मिक्सरची नको

धावदोरा
आले परत. वरण उतू गेलं तेवढ्यात. साडी कुणाची होती ओ, रनिंग ब्लाऊज कापायचा म्हणून मेसेजमध्ये विचारलं होतं? आधी पदर कुठल्या टोकाला आहे ते बघून फोटो टाका, मग सांगते.