डॉबरमन मादीला फॉन विलेब्रांड आजाराची शंका, नसबंदी करावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची राणी, डॉबरमन, दीड वर्षाची, वजन २८ किलो. नसबंदीची तारीख ठरली होती, पण डॉक्टरांनीच ती पुढे ढकलली. त्यांना फॉन विलेब्रांड आजाराची (रक्त लवकर न थांबण्याचा जन्मजात आजार) शंका आहे.

दुधाचे दात पडताना तिच्या हिरड्यांतून दिवसभर रक्त झिरपायचं. पहिली हीट (माज) संपता संपत नव्हती. एरवी ठणठणीत आहे, अंगावर कुठे लाल ठिपके नाहीत. आमच्या सांगलीत असं काही दिसलं की आधी गोचीड तापच आठवतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) घसरतात. पण हिच्या प्लेटलेट भरपूर, गोचीड तापाची एर्लिकिया चाचणी निगेटिव्ह. उंदराचं विष पोटात गेलं असतं तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढला असता, तोही नॉर्मल. मग डॉक्टरांनी वरचा ओठ उलटून आतून बारीकसा छेद दिला आणि घड्याळ लावलं. निरोगी कुत्र्याचं रक्त साधारण चार मिनिटांत थांबतं. हिचं दहा मिनिटं झाली तरी टिपकागद लाल होत होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: प्लेटलेट आहेत, पण जखमेच्या जागी त्यांना चिकटवून ठेवणारं प्रथिन कमी पडतंय. जर्मन शेफर्डमध्ये दिसणारा हिमोफिलिया ए हा रक्तस्रावाचा आजार वेगळा, तो बहुतेक नरांनाच होतो. हा नर-मादी दोघांनाही होतो. डॉबरमनमध्ये बहुधा सौम्य 'टाइप १' असतो. पण सौम्य म्हणजे रोजच्या जगण्यात. ऑपरेशनच्या टेबलावरही तो सौम्यच राहील का, याचीच मला धास्ती आहे.

नसबंदी टाळली तर दर हीटला रक्त जाणार. शिवाय पुढे गर्भाशयात पू झाला तर तेच ऑपरेशन घाईघाईत, ती आजारी असताना करावं लागेल. म्हणून पूर्ण तयारीनिशी आत्ताच करावं, असं मन सांगतं. अशा डॉबरमनचं ऑपरेशन कुणी करून घेतलंय का? काय तयारी केली होती? आणि ब्रीडर 'आमच्या लाइनमध्ये असं काही नाही' म्हणतात. राणीची भावंडं ज्यांच्या घरी आहेत त्यांना कसं कळवू?

पशुवैद्य_पुणे: ताई, आधी निदान पक्कं करा. रक्तातल्या फॉन विलेब्रांड फॅक्टरचं, म्हणजे त्याच चिकटवणाऱ्या प्रथिनाचं, प्रमाण मोजून घ्या. ५० टक्क्यांच्या खाली असेल तर कमतरता धरतात. नमुना रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या प्लास्टिक नळीत, एकाच टोचणीत स्वच्छ निघाला पाहिजे, आणि प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) लगेच वेगळा करून गोठवायला हवा. हीट चालू असताना देऊ नका, आकडा फसवा येतो. डीएनए चाचणीला हे बंधन नाही, ती गालाच्या आतल्या स्वॅबवरही होते.

ऑपरेशनच्या साधारण अर्धा तास आधी डेस्मोप्रेसिन (शरीरात साठलेला हा फॅक्टर रक्तात सोडायला लावणारं औषध) कातडीखाली देतात, किलोमागे १ मायक्रोग्रॅम. टाइप १ मध्ये त्याचा काही तास उपयोग होतो, पण प्रत्येक डॉबरमनला सारखा नाही. म्हणून क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून काढलेला, हा फॅक्टर भरपूर असलेला भाग) किंवा ताजा गोठवलेला प्लाझ्मा हाताशी असल्याशिवाय टेबलावर घेऊ नये. दोन्ही मिळालं नाही तर निदान रक्तदाता कुत्रा क्रॉसमॅच करून (रक्त जुळतं का ते पाहून), गोचीडजन्य आजार तपासून तयार ठेवा. दाता २५ किलोच्या वरचा, आणि शक्यतो डॉबरमन नको, त्याच्याही रक्तात हाच फॅक्टर कमी असू शकतो. ॲस्पिरिन अजिबात नको. इतर वेदनाशामकंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

शेरूची_आई: चेन्नईच्या मद्रास व्हेटरनरी कॉलेजात कुत्र्यांची रक्तपेढी आहे. तुमच्या डॉक्टरांनी तिथे फोन करून प्लाझ्माबद्दल विचारावं. भावंडांच्या मालकांना ब्रीडरची वाट न पाहता सरळ रिपोर्टच पाठवा. टाइप १ मध्ये आजारी पिल्लाला सहसा दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेलं असतं, म्हणजे बाकीच्यांचीही तपासणी व्हायला हवी. त्यांच्यापैकी कुणाची नसबंदी उद्याच असेल तर?

मीनल_सांगली: दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना हा धागा दाखवते. हीट संपून बराच काळ झालाय, म्हणून नमुना याच आठवड्यात देणार. भावंडांपैकी एक कोल्हापुरात आहे, त्यांना आजच फोन करते. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणाचा मोठा, निरोगी लॅब्रॅडॉर किंवा देशी कुत्रा रक्त देऊ शकेल का? तपासणीचा आणि गाडीचा सगळा खर्च आम्ही करू. कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा.