जीसीसी १३.२ सोर्समधून बिल्ड करताना लिबजीसीसीपाशी अडतंय

प्रश्न

६४ बिट लिनक्सवर जीसीसी १३.२ (सी आणि सी++ चा कंपायलर) बिल्ड करायचा आहे. मशीनवरचा जीसीसी ४.८.५ आहे आणि रूट परवानगी नाही, म्हणून सगळं होम डिरेक्टरीतच बसवायचं आहे. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी (जीसीसीला लागणाऱ्या गणिती लायब्ररी) वेगवेगळे बिल्ड करून घेतले आणि कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) '--विथ-जीएमपी' वगैरे पर्यायांनी त्यांची जागा दिली. कॉन्फिगर बिनतक्रार संपतं, पण पुढे मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी आज्ञा) लिबजीसीसीपाशी, म्हणजे जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीपाशी, थांबतं: 'कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स'. जुना कंपायलर हेच कारण असेल का? रॅम ८ जीबी, कोर ८.

उत्तर १

नाही, १३ साठी सी++११ समजणारा कंपायलर लागतो आणि ४.८ ला तेवढं येतं. (जीसीसी १५ असता तर सी++१४ लागलं असतं, मग मधली एखादी आवृत्ती आधी बिल्ड करावी लागली असती.)

त्या एररमधल्या 'सफिक्स'वर जाऊ नका. तोवर पहिल्या टप्प्यातला नवा कंपायलर तयार झालेला असतो आणि त्याला चार ओळींचा चाचणी प्रोग्रॅमही कंपाइल करता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. खरं कारण बिल्ड फोल्डरमधल्या एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू/लिबजीसीसी इथल्या कॉन्फिग.लॉगमध्ये मिळेल. सगळ्यात वरच्या फोल्डरमधला कॉन्फिग.लॉग इथे कामाचा नाही.

बहुधा तिथे 'सीसी१ला शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही' असं दिसेल (सीसी१ म्हणजे जीसीसीमधला प्रत्यक्ष सी कंपाइल करणारा प्रोग्रॅम). '--विथ-एमपीसी' फक्त लिंक करताना लायब्ररी कुठे आहे ते सांगतं. सीसी१ प्रत्यक्ष चालताना लोडर (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी शोधून जोडणारा) त्या फोल्डरात बघतच नाही.

म्हणून ते पर्याय काढून टाका. सोर्स फोल्डरच्या मुळाशी उभे राहून कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स ही स्क्रिप्ट चालवा. योग्य आवृत्त्या सोर्समध्येच येतात, जीसीसीबरोबर बिल्ड होतात आणि स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच, जोडल्या जातात, त्यामुळे शोधाशोधीचा प्रश्नच उरत नाही. बीझिप२ नसेल तर स्क्रिप्ट अडते. नंतर सोर्सच्या बाहेर नवं, रिकामं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवा. जुनं बिल्ड फोल्डर पुसून टाकाच, नाहीतर आधीची कॅश केलेली उत्तरं पुन्हा आड येतात.

उत्तर २

कॉन्फिगरला '--डिसेबल-मल्टिलिब' आणि '--एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++' हेही द्या. मल्टिलिब (६४ बरोबर ३२ बिटसाठीही लायब्ररी बनवणं) चालू ठेवलंत तर ३२ बिट लिबसी (सी ची मूळ लायब्ररी) आणि हेडर लागतात. ते रूटशिवाय बसवणं जिकिरीचं.

८ जीबीमध्ये मेक -जे८ (एकावेळी आठ कामं) करू नका, -जे४ पुरे. मध्येच 'किल्ड' म्हणून सीसी१प्लस (सीसी१चा सी++ भाऊ) बंद पडला तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने त्याला मारलं असं समजा. मग कमी आकड्याने मेक पुन्हा चालवा, तिथूनच पुढे सुरू होईल.

वेळ वाचवायला '--डिसेबल-बूटस्ट्रॅप' सुचवणारे भेटतील. ४.८ वरून येताना मी तरी ते करू देणार नाही. बूटस्ट्रॅपमध्ये कंपायलर तीनदा बिल्ड होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या ऑब्जेक्ट फाइल्स ताडून पाहिल्या जातात. जुन्या कंपायलरने चुकीचा कोड काढला असेल तर तो पकडायची हीच जागा आहे.

प्रश्नकर्ता

लॉगमध्ये लिबएमपीएफआर.एसओ.६ निघालं. आता स्क्रिप्टने सगळं आणलं, पण नव्या फोल्डरात कॉन्फिगरच थांबतंय: लायब्ररी_पाथमध्ये (लिंक करताना लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं शेलचं व्हेरिएबल) करंट डिरेक्टरी नको म्हणे. मी ती टाकलेलीच नाही.

उत्तर १

बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) 'नवा मार्ग:$लायब्ररी_पाथ' अशी ओळ असेल. जुनी किंमत रिकामी असली की शेवटी नुसता कोलन उरतो आणि रिकाम्या तुकड्याचा अर्थ करंट डिरेक्टरी असाच घेतला जातो. अनसेट लायब्ररी_पाथ करा आणि बिल्ड त्याच शेलमध्ये चालवा.

उत्तर ३

इन्स्टॉलनंतर लागेल म्हणून सांगतो. नव्या कंपायलरने केलेला सी++ प्रोग्रॅम 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ नॉट फाउंड' म्हणेल, कारण तो चालताना सिस्टिमचं जुनं लिबएसटीडीसी++ (सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी) उचलतो आणि ४.८.५ मधलं ३.४.१९ वरच थांबतं. एलडी_लायब्ररी_पाथ (प्रोग्रॅम चालताना लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल) सगळ्या शेलभर लावून ठेवू नका, इतर प्रोग्रॅमांनाही मग तीच लायब्ररी मिळते. लिंक करताना '-डब्ल्यूएल,-आरपाथ,' आणि पुढे तुमच्या प्रिफिक्समधल्या (जिथे जीसीसी बसवला तो फोल्डर) लिब६४ चा पूर्ण मार्ग द्या, म्हणजे फक्त तो प्रोग्रॅम तिथे शोधेल. प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर '-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++' आणि '-स्टॅटिक-लिबजीसीसी' जास्त सोयीचे.

पाथ बदलूनही जुनाच जीसीसी चालत असेल तर हॅश -आर करा, शेलने आधीची जागा लक्षात ठेवलेली असते.