माहलरची सहावी सिंफनी: तुलना करून ऐकायला कुठली रेकॉर्डिंग घ्यावीत?

भर_दुपारचा_मुलतानी

गुस्टाव माहलर या संगीतकाराची पहिली आणि चौथी सिंफनी बऱ्यापैकी पचली आहे, आता सहावीकडे वळायचंय. स्ट्रीमिंगवर शोधलं तर अल्बमांची रांगच लागते. चार मूव्हमेंटपैकी (भागांपैकी) स्केर्झो हा जोरकस भाग कुठे दुसरा, कुठे तिसरा. पहिली मूव्हमेंट कुणाची १८ मिनिटांची, तर कुणाची २३. दोन-तीनच रेकॉर्डिंग घेऊन शेजारी शेजारी ठेवून ऐकायचा विचार आहे. क्रम कुठला धरावा, शेवटच्या मूव्हमेंटमधले हातोड्याचे ठोके दोन की तीन, आणि तुलना करताना नेमकं कुठे कान द्यायचा, हे जाणकारांनी सांगावं. फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे बरंचसं ऐकणं हेडफोनवर. झुबिन मेहतांचं सुचवण्यासारखं काही आहे का?

मागचा_स्टँड

एकच घ्यायचं असेल तर जॉर्ज सेल, क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा, १९६७. मैफिलीतलं रेकॉर्डिंग आहे, आवाज जरा कोरडा, पण चाल कुठेही फुगत नाही आणि आतल्या सगळ्या ओळी सुट्या ऐकू येतात. दुसरं त्याच्या अगदी उलट टोकाचं घ्या: बर्नस्टाइन, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९८८. शेवटची मूव्हमेंटच ३३ मिनिटांच्या आसपास जाते. ही दोन ऐकल्यावर तिसरं कुठलं हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मेहतांबद्दल: त्यांचं माहलर ऐकायचं तर व्हिएन्नाबरोबरची दुसरी सिंफनी, १९७५, डेक्का. ती घ्याच. सहावीसाठी मात्र मी दुसरीकडे जाईन.

पितळी_कान

सेलला +१. मिनिटांवरून फसू नका, एवढंच जोडतो. पहिल्या मूव्हमेंटच्या सुरुवातीच्या भागाला रिपीटची खूण आहे आणि त्या भागाला चार-पाच मिनिटं लागतात. रिपीट गाळला की साधारण १८, घेतला की २२-२३, असा ढोबळ हिशोब. पण सोल्टी (शिकागो, १९७०) रिपीट घेऊनही २१ मिनिटांत संपवतात आणि बार्बिरोली (न्यू फिलहार्मोनिया, १९६७) रिपीट न घेता २१ मिनिटं लावतात! आकडा एकच, चालीत जमीन-अस्मानाचा फरक. माहलरने लिहिलंय 'अलेग्रो एनर्जिको, मा नॉन त्रोप्पो', म्हणजे जोमदार, पण फार जलद नको. सोल्टी 'जोमदार' वाचतात, बार्बिरोली 'फार नको'. बार्बिरोलींची चाल पहिली पाच मिनिटं असह्य वाटते, नंतर तिचं वजन जाणवायला लागतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

स्कोअर_घेऊन_बसा

क्रमाचा प्रश्न जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माहलरने १९०३-०४ मध्ये लिहिताना स्केर्झो दुसरा आणि आंदांते (संथ मूव्हमेंट) तिसरा ठेवला होता. काह्न्ट या प्रकाशकाची पहिली आवृत्ती तशीच छापली गेली. एसेनला २७ मे १९०६ रोजी पहिला प्रयोग झाला, त्याच्या तालमींच्या वेळी त्याने क्रम फिरवला: आंदांते आधी, मग स्केर्झो. त्यानंतर स्वतः संचालन केलं ते म्युनिकला आणि १९०७ च्या जानेवारीत व्हिएन्नाला. म्हणजे एकूण तीनदा, आणि तिन्ही वेळा आंदांते आधी. त्याच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये मेंगेलबर्ग या संचालकाने विचारणा केली, तेव्हा माहलरच्या पत्नीने, आल्माने, तार केली की आधी स्केर्झो, मग आंदांते. १९६३ मध्ये एर्विन रात्झने संपादित आवृत्तीत स्केर्झो पुन्हा दुसरा केला आणि पुढची चाळीसेक वर्षं बहुतेकांनी तेच वाजवलं. कारायान, बर्नस्टाइन, बुलेझ, टेनश्टेट सगळे त्यातले. २००४ च्या सुमारास माहलर सोसायटीनेच भूमिका बदलली आणि आंदांते-स्केर्झो हा क्रम अधिकृत धरला. अब्बाडोंचं बर्लिन (२००४), यान्सन्सचं लंडन सिंफनी (२००२), इव्हान फिशरचं बुडापेस्ट, रॅटलचं बर्मिंगहॅम या क्रमाने आहेत.

कागदपत्रं आंदांतेच्या बाजूची आहेत, यात शंका नको. कान मात्र काही वेळा स्केर्झोकडे झुकतो. पहिली मूव्हमेंट ए मेजरमध्ये (उजळ स्वरमेळात) जल्लोषात संपते आणि स्केर्झो लगेच ए मायनरमध्ये (उदास स्वरमेळात) तेच घण पुन्हा घालायला लागतो. ताल तेवढा तीनाचा. मिळालेला विजय दोन क्षणांत हिसकावून घेतल्यासारखं होतं. शिवाय ई फ्लॅट मेजरमधल्या आंदांतेनंतर शेवटची मूव्हमेंट सी मायनरच्या अंधारात सुरू होते, तो सांधा फार गुळगुळीत बसतो. उलट आंदांते आधी घेतला तर स्केर्झो आणि शेवट मिळून पाऊण तासाचा सलग काळोख होतो. दोन्ही ऐका. प्लेलिस्टमध्ये ट्रॅक दोन आणि तीन अदलाबदल करून तेच रेकॉर्डिंग दोन्ही प्रकारे ऐकता येतं.

बार्बिरोलींबाबत सावध राहा. ते स्वतः आंदांते आधी वाजवत, पण एल्पीवर कंपनीने स्केर्झो आधी छापला. नंतरच्या सीडींमध्ये काही तशाच आहेत, काही सुधारलेल्या.

भर_दुपारचा_मुलतानी

हे कुठे एकत्र वाचायला मिळालं नव्हतं, आभार. आता हातोडा?

तालवाद्य_विभाग

शेवटच्या मूव्हमेंटमध्ये ८२२ बार (स्कोअरमध्ये, म्हणजे छापील संगीतलेखनात, उभ्या रेघांनी पाडलेले मात्रांचे खण) आहेत. हातोड्याचे ठोके बार ३३६ आणि ४७९ ला. तिसरा बार ७८३ ला होता. तो माहलरने नंतर काढला आणि तिथलं वाद्यवृंदाचं लेखनही हलकं केलं. बर्नस्टाइन व्हिएन्नात तिसरा घालतात. नाट्य म्हणून जबरदस्त, पण पातळ केलेल्या लेखनावर ठोका पडतो, त्यामुळे तो पहिल्या दोघांपेक्षा उघडा पडतो.

स्कोअरमधली सूचना अशी: आखूड, जोरकस, पण दबका घुमणारा आवाज, धातूचा नसलेला, कुऱ्हाडीच्या घावासारखा. करायला हे फार अवघड. बहुतेक ठिकाणी मागच्या बाजूला उंचावर मोठी पोकळ लाकडी पेटी ठेवतात आणि तिच्यावर लांब दांड्याचा लाकडी हातोडा आपटतात. पेटीची फळी पातळ असेल तर नुसता 'टक्' येतो. फार जाड असेल तर आवाज आतच मरतो. त्याच क्षणी सगळा ऑर्केस्ट्रा गर्जत असतो, म्हणून पेटीला खालचा घुमारा नसेल तर हातोडा दिसतो पण ऐकू येत नाही. दुसरी अडचण वेळेची. जड हातोडा डोक्यावरून खाली यायला वेळ लागतो. वाजवणाऱ्याने संचालकाचा ठोका बघून उचलला तर हमखास उशीर. आधीच्या बारपासून मोजून, हात वर नेऊनच थांबावं लागतं. आपटल्यावर हातोडा उसळून दुसऱ्यांदा टेकला तर तेही माइकमध्ये येतं.

रेकॉर्डिंगमध्ये माइक पेटीच्या फार जवळ असेल तर सुतारकाम ऐकल्यासारखं वाटतं. हेडफोनवर ऐकताना तपासा: ठोका कानात लागतो की पोटात.

गाईंच्या गळ्यातल्या घंटांकडेही लक्ष द्या. पहिल्या मूव्हमेंटमध्ये त्या रंगमंचाबाहेर, दुरून, आंदांतेमध्ये वादकांमध्येच. चरणाऱ्या कळपासारख्या, कधी जवळ कधी लांब, अनियमित वाजायला हव्यात. वादक तालात हलवायला लागला की सगळं बिघडतं. बाहेरच्या घंटांसाठी दाराशी एक माणूस उभा करावा लागतो, दार किती उघडायचं त्यावर अंतर ठरतं. कमी तयारीच्या प्रयोगांत दार एकदम उघडतात आणि कळप थेट सभागृहात शिरतो.

पितळी_कान

पितळी वाद्यांचंही बोलू. आठ हॉर्न, सहा ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, ट्यूबा. ८० मिनिटं ओठ टिकवायचे असतात आणि सगळ्यात कठीण अर्धा तास शेवटी येतो. म्हणून पहिल्या हॉर्नला बहुधा एक मदतनीस देतात. जोराचे, भरावाचे भाग तो घेतो, म्हणजे मुख्य वादक आंदांतेमधल्या एकट्याच्या ओळीसाठी ताजा राहतो. तालमीतही पितळी मंडळी बऱ्याचदा अर्ध्या आवाजात वाजवतात आणि संचालक ते चालवून घेतो.

आता तुलना. ही चार ठिकाणं पुरेत:

एक, पहिल्या मूव्हमेंटमध्ये टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्यांच्या) ठोक्यांवर येणारा मेजर-मायनर कॉर्ड (उजळ स्वरमेळ लगेच उदास होतो). ट्रंपेटचा आवाज ओसरतो आणि ओबो उरतात, तो बदल स्वच्छ व्हायला हवा. व्हिएन्नाचे ओबो सडपातळ आवाजाचे, टिंपनीला बकरीचं कातडं. कॉर्डचा रंगच वेगळा लागतो.

दोन, स्केर्झोचा मधला भाग, 'आल्टफेटरिश' (जुन्या वळणाचा) लिहिलेला. तीन आणि चारच्या मात्रा सारख्या बदलतात. सेलकडे ते सहज चालतं. ढिल्या हातात वादक मोजताना ऐकू येतात.

तीन, आंदांते. कारायानचा (बर्लिन, १९७५-७७) सुमारे १७ मिनिटांचा, तंतुवाद्यांचा नुसता मखमली पडदा. अब्बाडो १४ मिनिटांत गातात. मला अब्बाडो जास्त पटतात. हा प्रकार थांबला की गोडमिट्ट होतो.

चार, शेवटचं पान. ट्रॉम्बोन आणि ट्यूबा दबकत एकमेकांच्या मागे जातात, आवाज विझत येतो आणि अचानक ए मायनर कोसळतो. या वेळी मेजर नाहीच. मग एक पिझिकातो (तंतुवाद्यांच्या तारा बोटाने छेडून).

स्कोअर_घेऊन_बसा

त्या शेवटच्या पानासाठी आवाज वाढवून ठेवू नका. हेडफोनवर कान फुटतील.

तुलनेआधी एवढं करा. ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (आवाज आपोआप सारखा करणं) आणि क्रॉसफेड (ट्रॅक एकमेकांत मिसळणं) बंद. सगळ्या रेकॉर्डिंगची सुरुवातीची चेलो-बासची चाल सारख्या मोठेपणाने ऐकू येईल असा आवाज लावा, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला हटकून 'चांगलं' वाटतं. एकाच रेकॉर्डिंगच्या रीमास्टर आवृत्त्या वेगवेगळ्या सालांनी टाकलेल्या असतात. संचालक, ऑर्केस्ट्रा आणि मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष बघून घ्या, नाहीतर तेच दोनदा ऐकाल. स्कोअरचा हक्क संपला आहे, जुनी काह्न्ट आवृत्ती नेटवर फुकट मिळते.

मागचा_स्टँड

हेडफोनवर आहात तर कुबेलिक (बव्हेरियन रेडिओ, १९६८) यादीत घाला. पहिली व्हायोलिन डावीकडे, दुसरी उजवीकडे बसवलीयत. माहलरच्या काळी असंच बसत. दोघांचे सवाल-जवाब दोन कानांत वेगळे पडतात. चाल मात्र सोल्टींच्या जवळची, हे लक्षात असू द्या.

भर_दुपारचा_मुलतानी

ठरलं तर: सेल, अब्बाडो बर्लिन, मग बर्नस्टाइन. कुबेलिक पुढच्या महिन्यात. अब्बाडोंचं ल्यूसर्नचं चित्रीकरण पण दिसतंय, ते कुठल्या क्रमाने आहे?

स्कोअर_घेऊन_बसा

२००६ चं. आंदांते आधी. ते बघाच, हातोडा उचलताना वादकाची नजर कुठे असते ते कळेल.